जुनं घड्याळ नवं करून मिळेल!

खिशातली जुनी घड्याळं जमवण्याचं खूळ हल्ली बऱ्याच जणांना लागलेलं दिसतं. खूळ म्हटलं म्हणून कोणी रागावू नये, मीही त्यातलाच. या छंदात नव्याने आलेला माणूस भेटला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, या बाजारात फसवणूक फार हो!" पुढे अर्धा तास विक्रेत्यांच्या नावाने शंख. चोर बाजारातला अमुक लबाड, पुण्याच्या जुन्या बाजारातला तमुक त्याच्याहून लबाड.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि ते पुष्कळांना आवडणार नाही. या बाजारातल्या लबाडीला विक्रेता जेवढा जबाबदार आहे, त्याच्या दुप्पट गिऱ्हाईक जबाबदार आहे. आणि त्यातही नवशिकं गिऱ्हाईक! कारण त्याला घड्याळ जुनं हवं असतं, पण दिसायला नवं हवं असतं. शंभर वर्षांचं म्हणून मिरवायचं, पण तबकडीवर डाग नको, काट्यावर गंज नको, झाकणावर ओरखडा नको. आता असं घड्याळ देवाने तरी कुठून आणावं? मग ते माणूस तयार करतो. मागणी तसा पुरवठा.

एकदा जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे मी एक स्विस घड्याळ बघत होतो. तबकडी पांढरी, एनॅमलची, सातच्या आकड्यापासून मध्यापर्यंत केसासारखा बारीक तडा. मला आवडलं होतं. माझा चेहरा गंभीर झालेला बघून त्याला वाटलं, तडा खटकला. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "काका, आठ दिवस थांबा. एकदम नवं करून देतो."

जुनं घड्याळ नवं करून देणार! यात त्याला काही विसंगत वाटलं नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण हेच मागतात. मी त्याला लबाड म्हणणार नाही. तो तर करणार काय ते आधीच उघड सांगत होता.

'नवं करणं' म्हणजे काय करतात, हे नवशिक्यांनी नीट समजून घ्यायला हवं. जुनी एनॅमलची तबकडी म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेची पूड पसरून ती भट्टीत सुमारे आठशे अंश सेल्सियसला वितळवलेली. त्यावर आकडे रंगवून पुन्हा भाजलेले. म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांनीही तिचा पांढरा रंग पिवळा पडत नाही. काचच ती, धक्का बसला तर तडा जाणार, पण रंग जाणार नाही. अशी तबकडी काढून टाकतात आणि तिच्या जागी पत्र्यावर रंग फासून, वर आकडे छापून नवी बसवतात. धातूची जुनी तबकडी असेल तर ती घासून कोरी करतात आणि वर हवं ते नाव छापतात. हवं ते म्हणजे अक्षरशः हवं ते! आतलं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, वर नाव लाँजीन किंवा ओमेगा. मग केसला चाकावर पॉलिश. त्या पॉलिशमध्ये नक्षी बुजते, कडा गोल होतात, मूळ मालकाची कोरलेली आद्याक्षरं पुसली जातात. आणि हे सगळं झाल्यावर नवशिका म्हणतो, "वा! काय जपलंय बघा!"

अहो, जपलेलं नाही, खरवडलेलं आहे.

परदेशातल्या संग्राहकांनी आपल्याकडच्या अशा मालाला एक नाव ठेवलं आहे, 'मुंबई स्पेशल'. ते मुख्यतः मनगटी घड्याळांसाठी वापरतात. भडक रंगाची नवी छापलेली तबकडी, चार घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून जुळवलेलं मशीन, आणि वर मोठं नाव. हे नाव कौतुकाने ठेवलेलं नाही, हे सांगायला नकोच. ज्या मुंबईत राजाबाई टॉवरचं घड्याळ १८७८ पासून उभं आहे, जिच्या नावाची अक्षरं स्विस कारखान्यांनी आपल्या तबकड्यांवर छापली, तिचं नाव आज बनावट घड्याळासाठी वापरलं जातं. मला याची लाज वाटते. एचएमटीच्या बाबतीतही तेच झालं. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला ही घड्याळं सुरू झाली, २०१६ साली सरकारने कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि लोकांना एकदम तिचं प्रेम आलं. प्रेम आल्याबरोबर रंगीबेरंगी तबकड्यांचा पूर आला. यातल्या पुष्कळ तबकड्या कारखान्याने कधी पाहिल्यासुद्धा नसतील.

आता मघाशी जे म्हटलं, मुंबईचं नाव स्विस तबकड्यांवर, ते जरा सांगतो, कारण नवशिक्यांचा इथे उलटा घोटाळा होतो. आपल्याकडे जुन्या घरांत जी खिशातली घड्याळं सापडतात त्यात 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे - कलकत्ता' असं लिहिलेली पुष्कळ असतात. मशीन उघडून बघितलं तर काही वेळा लाँजीनच्या कारखान्याचं निघतं. नवशिका लगेच ओरडतो, "बनावट!" बनावट मुळीच नव्हे. त्या काळी स्वित्झर्लंडमधला कारखाना मशीन बनवी आणि विकणारी कंपनी तबकडीवर आपलं नाव घाली, ही रीतच होती. फेवर-ल्युबानेही मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून बस्तान बसवलं होतं आणि दुसऱ्या कारखान्यांची घड्याळं विकली होती. अमेरिकन घड्याळांची तर आणखी गंमत. वॉल्थम, एल्जिन या कंपन्या मशीन विकत, केस दुसराच कारखाना करी, आणि दुकानदार गिऱ्हाईकाच्या ऐपतीप्रमाणे एकात दुसरं बसवून देई. म्हणजे तिथे केस एकाची आणि मशीन दुसऱ्याचं, हे अगदी अस्सल! खऱ्याला खोटं म्हणायचं आणि रंगवलेल्याला खरं म्हणून डोक्यावर घ्यायचं, अशी सध्याची परिस्थिती आहे.

दुसरं वेड 'रेल्वे घड्याळा'चं. मागच्या झाकणावर आगगाडीचं इंजिन कोरलेलं दिसलं की नवशिक्याचा हात थेट खिशात जातो. त्यातून जुन्या जीआयपी रेल्वेची अक्षरं असतील तर विचारूच नका. अक्षरं कोरायला किती वेळ लागतो? खरं रेल्वे घड्याळ म्हणजे काय ते ऐका. अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन इथे १८९१ साली दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, असं कारण सांगितलं गेलं. त्यानंतर वेब बॉल नावाच्या घड्याळजीला चौकशीला बसवलं आणि पुढे तिथल्या रेल्वेंचे कडक नियम ठरत गेले. किमान १७ ज्वेल, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत धरून तपासलेलं, आठवड्याला ३० सेकंदांच्या आत फरक. या नियमांत इंजिनाच्या चित्राचा उल्लेख नाही! आपल्या बाजारातलं इंजिनवालं घड्याळ पुष्कळदा रॉस्कॉफ पद्धतीचं निघतं. रॉस्कॉफने १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडावं म्हणून वीस फ्रँकचं स्वस्त, दणकट घड्याळ काढलं. भाग कमी, आवाज मोठा. माणूस फार मोठ्या मनाचा. पण त्याच्या स्वस्त घड्याळाच्या स्वस्त नकला, आणि त्यावर इंजिन, आणि त्याची किंमत अव्वाच्या सव्वा... हे रॉस्कॉफने ऐकलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता.

आणि 'दोनशे वर्षांपूर्वीचं' घड्याळ? तेही सर्रास मिळतं. इथे प्राथमिक शाळेचं गणित पुरतं. वरची कळ फिरवून चावी द्यायची सोय फिलिप या फ्रेंच कारागिराने १८४० च्या दशकात काढली आणि ती सर्रास व्हायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. त्याआधीच्या घड्याळांना वेगळी किल्ली लागे. मग वरच्या कळीचं घड्याळ दोनशे वर्षांचं कसं? वजाबाकी करा. पण नाही, माणूस एकदा मोहात पडला की त्याला वजाबाकी येईनाशी होते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. फसलात तर तुमचे पैसे गेले, गेले तर गेले. पण माझ्या रागाचं कारण पैसे नाहीत. नवं करण्याच्या या हौसेत जे नष्ट होतं ते परत येत नाही. घासलेली तबकडी परत येत नाही.

आमच्या या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, जुनी घरं भराभर जात आहेत. काही वाटण्यांमध्ये गेली, काही बंगल्यांच्या प्लॉटांत गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कित्येकांची कौलं उडाली, माळे उघडे पडले. अशा घरांतल्या ट्रंकांतून आजोबा-पणजोबांची घड्याळं निघतात. मुंबईत नोकरी केलेली, पलटणीत गेलेली, आगबोटीवर काम केलेली माणसं होती ती. माझा एक जुना विद्यार्थी असंच पणजोबांचं घड्याळ घेऊन आला. म्हणजे घड्याळ नाहीच, एका प्लॅस्टिकच्या डबीत नुसतं मशीन. म्हणाला, "सर, केस चांदीची होती ती मोडली. घड्याळ बंदच होतं ना!" चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून हे फार वाढलं आहे. हिशेब काय? तीस-चाळीस ग्रॅम वजन, त्यात घट, हातात काही हजार. अमेरिकन मशीनला दुसरी केस मिळू शकते, कारण त्यांची मापं ठरलेली होती. स्विस किंवा इंग्लिश मशीनची केस बहुधा त्याच्यापुरतीच बेतलेली असते. ती वितळली की मशीन अनाथ. मी त्याला रागावलो नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाजारात नुसत्या चकचकीत घड्याळाला किंमत आहे आणि काळवंडलेल्याला नाही, एवढंच त्याने ऐकलं होतं. ते कोणी ठरवलं? चकाकी मागणाऱ्या आपल्यासारख्या हौशी लोकांनीच.

खरं तर त्या काळवंडलेल्या झाकणाच्या आत सगळी कुंडली लिहिलेली असते. चालणारा सिंह म्हणजे इंग्लिश स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. त्याच्याजवळ नांगर असेल तर बर्मिंगहॅमला पारखलेली, आणि एक अक्षर असतं त्यावरून सालही निघतं. स्विस घड्याळावर रानकोंबड्यासारखा पक्षी असेल तर ८०० भाग, अस्वल असेल तर ८७५. 'अर्जेंटान', 'अल्पाका' असं असेल तर ती आपली जर्मन सिल्व्हर, तिच्यात चांदी औषधालाही नाही. 'वीस वर्षांची गॅरंटी' असं केसवर लिहिलेलं असेल तर तो सोन्याचा मुलामा, आणि गॅरंटी मुलाम्याची, घड्याळाची नव्हे! ही अक्षरं नखाएवढी असतात. पॉलिशचं चाक पहिल्यांदा त्यांनाच खातं.

आता माझ्यावर येणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत.

पहिला असा, "मग काय, बंद पडलेली, गंजकी घड्याळं कपाटात ठेवायची?" मुळीच नाही. दुरुस्ती आणि रंगरंगोटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घड्याळ हे यंत्र आहे, ते चाललं पाहिजे. जुनं तेल घट्ट झालं असेल तर खोलून साफ करावं, तुटलेली स्प्रिंग बदलावी, काच फुटली तर नवी घालावी. आमच्याकडची खारी हवा तर पोलादाची वैरीणच. मशीनवर एकदा गंज चढला की तो स्प्रिंगपासून सुरुवात करतो, म्हणून इथे सफाई वेळच्या वेळी हवीच. आणखी एक शत्रू आहे, चुंबक. मोबाइल, स्पीकर यांच्याजवळ घड्याळ ठेवलं की केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम आमच्या अलिबागला आणलं. सरकारने मोजणीच्या सुयांसाठी खाडी ओलांडली, आपण घड्याळ टीव्हीवरून उचलून टेबलावर ठेवायला काय हरकत आहे? साधं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई थरथरली तर चुंबकत्व उतरवून घ्या, कुठलाही चांगला घड्याळजी दोन मिनिटांत करून देतो. याला म्हणतात काळजी. ही करावी तेवढी थोडी. पण तबकडी खरवडणं ही काळजी नव्हे.

दुसरा आक्षेप जरा ताठ्याचा, "पैसे माझे, घड्याळ माझं, मी काहीही करीन." कायद्याने खरं आहे. पण मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींच्या पाच वस्तूंचा लिलाव झाला. त्यांत त्यांचं झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ होतं. विजय मल्ल्यांनी त्या सगळ्या वस्तू १८ लाख डॉलरना घेतल्या. सबंध देश तेव्हा अस्वस्थ झाला होता. समजा, ते घड्याळ विकण्याआधी कोणी तबकडी नवी रंगवली असती, केस चकचकीत करून दिली असती, तर? आपण त्याला काय म्हटलं असतं? 'त्याची वस्तू, त्याची मर्जी' असं नक्कीच नाही. आता म्हणाल, ते गांधींचं होतं. मान्य. पण तुमच्या पणजोबांचंही ते कोणाचंतरी होतंच ना? त्यांच्या अंगठ्याने कळीजवळ जो भाग गुळगुळीत झाला आहे, त्याचा फोटो कुठल्या वर्तमानपत्रात आला नाही एवढंच. शाळेत मी मुलांना सांगत असे, वहीत खाडाखोड चालेल, पण निबंध स्वतःचा हवा. दुसऱ्याचा सुवाच्य निबंध उतरवून आणलेला मुलगा नापास. घड्याळाला हाच नियम लावा.

तेव्हा नव्याने खरेदी करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं. पहिलं घड्याळ घेण्याआधी निदान सहा महिने नुसतं बघा. कोणाकडे असतील ती हातात घ्या, मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. जो उघडून दाखवणार नाही त्याला नमस्कार करून पुढे चला. तबकडी तिरप्या उजेडात धरा. जुन्या चांगल्या तबकडीत सेकंदाची छोटी वाटी वेगळी, खोलगट बसवलेली असते, रंगवलेल्या नकलेत ती बहुधा सपाट छापलेली असते. तड्याला घाबरू नका, फार गुळगुळीतपणाला घाबरा. काट्यांवर आणि आकड्यांवर हिरवट-तपकिरी जाड रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. १९१० ते १९६० च्या दशकांत तो अंधारात चमकण्यासाठी वापरत. रंग चमकायचा थांबतो, पण रेडियमचं निम्मं होईपर्यंत सोळाशे वर्षं जातात. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू तर अजिबात नका. घड्याळाला जेवढे पैसे द्याल, तेवढेच दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवा. आणि घड्याळाआधी घड्याळजी शोधा. डोळ्याला भिंग लावून बसणारी ही माणसं तालुक्याच्या गावी एखाद-दुसरीच उरली आहेत. त्यांच्याशी साफसफाईच्या पैशावरून घासाघीस करू नका. तुम्ही रंगाऱ्याला मागाल तेवढे पैसे देता आणि मशीन जिवंत ठेवणाऱ्याशी पन्नास रुपयांवरून भांडता, मग त्याचा मुलगा मोबाइलचं दुकान टाकतो. टाकणारच!

विक्रेत्याला शिव्या देणं सोपं आहे. पण उद्यापासून दहांतल्या पाच गिऱ्हाइकांनी जरी "नवं करू नका, आहे तसं द्या" असं म्हटलं, तर तोच विक्रेता परवापासून तड्याची तबकडी कापसात जपून ठेवील. तो बाजारातला माणूस आहे, जे विकलं जातं तेच तो करतो.

आणि चकाकीच हवी असेल, तर नवं घड्याळ घ्या. साखळीची नवी घड्याळं मिळतात, छान दिसतात, वेळही बरोबर दाखवतात. त्यात वाईट काहीच नाही. फक्त जुन्याच्या अंगावरचे दिवस पुसून त्याला नवं करू नका.

बघा, पटतंय का.